ध्रुवाकडील बारा मिनिटें

शाळेच्या वार्षिकाच्या संपादकांचें पत्र आलें कीं, "आपण या शाळेचे माजी विद्यार्थी, उत्तर ध्रुवाजवळ राहून आलेले, तेव्हां मुलांसाठीं चार शब्द लिहून द्यावे." पत्र वाचून आम्हांस आनंद झाला आणि संकोचही वाटला. आनंद अशासाठीं कीं, ज्या अंकांत आपलें नांव छापून यावें म्हणून शाळेंत असतांना आम्हीं तीन वर्षें खटपट केली व एकदांही यश आलें नाहीं, त्याच अंकानें आतां आपण होऊन बोलाविलें. संकोच अशासाठीं कीं, ध्रुवाकडे जाऊन आलेल्या माणसाकडून लोकांची अपेक्षा बर्फाच्या व अस्वलांच्या गोष्टींची असते. आम्हीं अस्वल एकदांही पाहिलें नाहीं. जें पाहण्यासाठीं गेलों तें डोळ्यांना दिसत नाहीं. आणि त्यांतही जी गोष्ट सांगण्यासारखी आहे ती आमच्या फजितीची आहे. तरी तीच सांगावयाची असें ठरवून लेखणी हातीं घेतली आहे.

आरंभ शाळेपासूनच केला पाहिजे. आमच्या वेळीं शास्त्राच्या प्रयोगशाळेंत एक कडक नियम होता. जर्नलांत खोडरबर लावावयाचें नाहीं. आंकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारावी, शेजारीं दुसरा आंकडा लिहावा. पण रेघेखालचा चुकलेला आंकडा वाचतां आला पाहिजे. लंबकाच्या प्रयोगांत गुरुत्वाचा आंकडा ९८० च्या आसपास यावयास हवा, हें पुस्तकावरून आम्हां सर्वांस ठाऊक होतें. एकदां आमच्या जर्नलांत तो नेमका ९८० आला. मास्तरांनीं वहीकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें, आणि शांतपणें विचारलें, "काय रे, लंबक हलविलास, कीं पुस्तकाचें पान?" सारा वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. त्या हंसण्यांत धडा वाहून गेला. तो पुन्हां सांपडला तो दहाबारा वर्षांनीं, ७८ अंश उत्तर अक्षांशावर.

इ. स. २०१३ च्या हिवाळ्यांत संशोधनाच्या निमित्तानें आमचा मुक्काम स्वालबार्ड द्वीपसमूहांतील लाँगइयरब्येन या गांवीं होता. नकाशांत नॉर्वे देशाच्या उत्तर टोंकावर बोट ठेवावें आणि समुद्र ओलांडून तें तसेंच वर न्यावें, म्हणजे हीं बेटें लागतात. तेथून ध्रुव सुमारें तेराशें किलोमीटर. मुंबईहून दिल्लीस रेल्वेनें जावें साधारण तितकाच. याच द्वीपसमूहावर, आणखी थोडें उत्तरेस, न्यू-ऑलसन्ड येथें आपल्या देशाचें 'हिमाद्री' हें संशोधनकेंद्र २००८ सालीं सुरू झालें आहे.

लाँगइयरब्येन हें गांव कोळशाच्या खाणींमुळें वसलें. तेथें ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाहीं; आणि गांव डोंगरांच्या कुशींत असल्यामुळें प्रत्यक्ष ऊन पोहोंचावयास ८ मार्चची तारीख उजाडते. त्या दिवसाच्या सुमारास गांवांतील मुलें जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशीं जमतात आणि सूर्यास मोठमोठ्यानें हांका मारतात. ज्या देशांत उन्हापासून डोकें वांचविण्याची चिंता, त्या देशांतील माणसास हें ऐकून प्रथम हंसूं येतें. एक हिवाळा तेथें काढल्यावर येत नाहीं. गांवाबाहेर जावयाचें तर अस्वलांच्या भीतीनें बंदूक बरोबर घ्यावी लागते. ती कशी धरावी हें आम्हांसही शिकविण्यांत आलें होतें. सुदैवानें आमची व अस्वलाची परीक्षा झाली नाहीं.

दर रविवारीं आम्ही घरीं दूरध्वनि करीत असूं. आईचा प्रश्न ठरलेला असे: "अरे, तिथें दिवसा काळोख, रात्रीं काळोख. तूं पाहतोस तरी काय?" हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. त्याचें उत्तर देण्यासाठीं थोडें वर, आकाशांत, जावें लागेल.

जमिनीपासून सुमारें ऐंशी किलोमीटर उंचीवर व तेथून पुढें कित्येक शें किलोमीटरपर्यंत हवा अतिशय विरळ असते. सूर्याचे अतिनील व क्ष किरण त्या हवेच्या कणांवर आदळून त्यांतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात. सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि मागें राहिलेले धनभारित आयन यांच्या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात, आणि हवेच्या त्या प्रदेशास आयनांबर. तीनशें किलोमीटरांच्या आसपास हा प्लाझ्मा सर्वांत दाट असतो. तेथें एका घनसेंटिमीटरांत लाखापासून दहा लाखांपर्यंत इलेक्ट्रॉन सांपडतात.

हें आकाशांतलें छप्पर माणसाच्या ध्यानांत आलें तें बिनतारी संदेशामुळें. १२ डिसेंबर १९०१ रोजीं, इंग्लंडमधील पोल्डू येथून सोडलेला संकेत आपण अटलांटिकच्या पलीकडे न्यूफाउंडलंडांत ऐकला, असें मार्कोनीनें जाहीर केलें. पृथ्वी तर वाटोळी. सरळ जाणारी लहर तिच्या पाठीवरून वळली कशी? वर कांहीं विद्युद्वाहक थर असून लहर त्यावरून परत फिरत असावी, असें १९०२ सालीं केनेली व हेविसाइड या दोघांनीं स्वतंत्रपणें सुचविलें. १९२४ सालीं ॲपलटन व बार्नेट यांनीं प्रयोगानें तो थर सिद्ध केला. त्या कार्याबद्दल ॲपलटन यांस १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयाचें संशोधन उभें केलें, आणि उच्च वातावरणावरील त्यांचा मोठा ग्रंथही त्याच १९४७ सालीं प्रसिद्ध झाला.

आयनांबर हें असें सूर्याचें अपत्य. सूर्य मावळला कीं इलेक्ट्रॉन व आयन हळूहळू पुन्हां एकत्र येतात आणि प्लाझ्मा विरळ होतो. मग जेथें महिनोन् महिने रात्रच, तेथें वरचें छप्पर जवळजवळ नाहींसें व्हावयास हवें. परंतु नवल असें कीं, ध्रुवाच्या काळोखांतून मधूनच दाट प्लाझ्म्याचे मोठमोठे पुंज जात असतात. आसपासच्या प्लाझ्म्याहून ते निदान दुप्पट दाट असतात, आणि त्यांचा विस्तार शंभरापासून हजार किलोमीटरपर्यंत असतो. शास्त्रज्ञांनीं त्यांस जें नांव दिलें आहे त्याचा सरळ मराठी अर्थ 'ठिगळें' असा होतो.

हीं ठिगळें येतात कोठून? सूर्यापासून भारित कणांचा वारा सतत वाहत असतो व तो आपल्याबरोबर सूर्याचें चुंबकीय क्षेत्र घेऊन येतो. पृथ्वीच्या दुपारच्या बाजूस त्या क्षेत्राची आपल्या पृथ्वीच्या क्षेत्राशीं गांठ पडते. दोहोंच्या दिशा जुळून आल्या म्हणजे त्यांच्या रेषा एकमेकींस जोडल्या जातात, आणि सौरवाऱ्याबरोबर ध्रुवावरून मागें, मध्यरात्रीच्या बाजूस, ओढल्या जातात. जेम्स डंगी यांनीं १९६१ सालीं ही कल्पना मांडली. रेषांबरोबर आयनांबरांतील प्लाझ्माही ओढला जातो. दक्षिणेकडे, जेथें सूर्य बराच वर आहे, तेथें उन्हानें तयार झालेला दाट प्लाझ्मा जिभेसारखा ध्रुवाकडे खेंचला जातो. वाटेंत त्या जिभेचे तुकडे पडतात. आणि ते तुकडे सेकंदास कित्येक शें मीटर, क्वचित् एक किलोमीटरहूनही अधिक वेगानें ध्रुव ओलांडून रात्रींत शिरतात. तीनशें किलोमीटरांवर हवा इतकी विरळ असते कीं, इलेक्ट्रॉनाची व आयनाची पुन्हां गांठ पडावयास तासन् तास लागतात. म्हणून दिवसा जन्मलेला प्लाझ्मा रात्रीच्या पोटांत जिवंत पोहोंचतो.

हें सारें केवळ पंडितांचें कुतूहल नव्हे. ठिगळांच्या कडा फाटत असतात; विशेषतः मागील कड लवकर विस्कटते व तींत लहान लहान भोंवरे पडतात. त्यांतून येणारे दिशादर्शक उपग्रहांचे संकेत ताऱ्यासारखे लुकलुकूं लागतात, आणि जहाजास किंवा विमानास आपलें ठिकाण समजण्यांत अडचण येते. आशिया व उत्तर अमेरिका यांमधील कांहीं विमानें ध्रुवाजवळून जातात. ८२ अंशांच्या पलीकडे विषुववृत्तावरील भूस्थिर उपग्रह त्यांच्या दृष्टीआड होतात, म्हणून तेथें जुन्या लघुलहरींच्या रेडिओचें महत्त्व मोठें. आणि त्या लहरी तर आयनांबराच्याच आधारानें चालतात. ज्या विमानांत आपल्यापैकीं कोणाची मुलगी वा भाऊ बसला असेल त्याचा आवाज जमिनीपर्यंत पोहोंचणें हें वरच्या त्या अदृश्य ठिगळांवर अवलंबून असूं शकतें.

आईस आम्हीं हें सारें एका रविवारीं सांगितलें. 'ठिगळ' हा शब्द ऐकतांच ती एकदम मोकळी झाली. निघतांना तिनें आम्हांस एक गोधडी दिली होती, आणि तीच पांघरून आम्ही त्या थंडींत झोंपत असूं. ती म्हणाली, "म्हणजे गोधडीसारखेंच कीं! तुझ्या उशाकडचें हिरवें ठिगळ आजीच्या इरकली लुगड्याचें. मधलें पांढरें बाबांच्या धोतराचें. आणि पायाकडचें निळें तुझ्या शाळेच्या चड्डीचें." आम्हीं गोधडी ओढून पाहिली. आईचें सगळें बरोबर होतें. आमच्या शास्त्रांतील किती तरी पानें एका वाक्यांत तिला समजलीं, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. तिच्या त्या वाक्यांत पुढचा प्रश्न दडलेला होता, हें मात्र तेव्हां उमजलें नाहीं.

आतां रडारविषयीं. गांवापासून कांहीं मैलांवर, सातव्या क्रमांकाच्या खाणीजवळ, डोंगरावर दोन प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या होत्या. एक बत्तीस मीटर व्यासाची; ती हवी तिकडे वळवितां येई. दुसरी बेचाळीस मीटर व्यासाची. ती जागची हलत नसे, पृथ्वीच्या चुंबकीय रेषेच्या दिशेनें वर पाहत असे. आयस्कॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९६ सालीं सुरू केलेलें हेंच स्वालबार्ड रडार. त्या वेळीं खाणींतून कोळशाच्या गाड्या उतरतांना दिसत. पुढें २०२५ सालीं ती खाण बंद झाली. एका बाजूस डोंगराच्या पोटांत जुन्या काळच्या उन्हानें वाढलेल्या अरण्यांचा कोळसा, आणि दुसऱ्या बाजूस त्याच डोंगराच्या माथ्यावरून कांहीं तासांपूर्वींच्या उन्हाचा शोध. ही जोडी आमच्या मनांतून अजून गेलेली नाहीं.

विमान शोधणारें रडार आणि हें रडार यांत फरक आहे. विमान ही धातूची भली मोठी वस्तु. तिच्यावरून लहर परत येणें स्वाभाविक. येथें मात्र परत येते ती सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांनीं विखुरलेली लहर. असा प्रतिध्वनि मिळूं शकेल, असें विल्यम गॉर्डन यांनीं १९५८ सालीं दाखविलें, व त्याच वर्षीं केनेथ बोल्स यांनीं तो प्रत्यक्ष मिळविला. वर पाठविलेली शक्ति दहा लाख वॅटपर्यंत असते. पण आकाशाच्या ज्या तुकड्यावर ती पडते, त्यांतील सर्व इलेक्ट्रॉन गोळा करून त्यांचा आडोसा मोजला तर तो फार तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा भरतो. तीनशें किलोमीटरांवरील हरभऱ्याचा दाणा! त्यामुळें एका प्रतिध्वनीनें कांहींच कळत नाहीं. हजारों प्रतिध्वनि एकत्र करून, त्यांतून गोंगाट वजा करून, हळूहळू एक चित्र तयार होतें.

त्या चित्रांत चार गोष्टी वाचतां येतात. प्रतिध्वनि किती जोरदार, यावरून इलेक्ट्रॉनांची दाटी. त्याचा सूर किती वर वा खालीं सरकला, यावरून प्लाझ्मा आपल्याकडे येतो कीं दूर जातो. तो सूर किती पसरला आणि त्याचा आकार कसा झाला, यावरून आयनांची उष्णता व इलेक्ट्रॉनांची उष्णता. जमिनीवर बसून तीनशें किलोमीटर वरच्या वायूस थर्मामीटर लावावयाचा, असा हा प्रकार आहे. ठिगळांचा स्वतःचा तांबूस उजेड इतका मंद असतो कीं, तो नाजूक कॅमेऱ्यांनाच दिसतो. माणसाच्या डोळ्यांस नाहीं.

डिसेंबरांतील एका रात्रीं आम्हांस हवी तशी वेळ मिळाली. बाहेर वारा डोंगर खरवडीत होता; आंत पडद्यावर दर मिनिटास एक नवी उभी पट्टी उमटत होती. आठ वाजण्याच्या सुमारास पट्ट्यांचा रंग निळ्याचा पिवळा झाला, मग तांबडा, आणि पुन्हां निळा. पहिलें ठिगळ डोक्यावरून गेलें होतें. जवळजवळ अर्ध्या तासानें दुसरें आलें. पुढें तिसरें, मग चौथें. आमचा कयास असा होता कीं, दुपारच्या बाजूस चुंबकीय रेषांचें जोडणें ठराविक कालानें होतें, म्हणून ठिगळेंही ठराविक अंतरानें यावींत. आणि समोर तीं तशींच येत होतीं! आमचा प्रबंध जणु आकाशांतून आपोआप लिहिला जात होता.

विघ्न एकच होतें. दुसऱ्या व तिसऱ्या ठिगळांच्या मध्यें आणखी एक पुंज दिसत होता. अरुंद, वेड्यावांकड्या कडांचा, अवघा बारा मिनिटांचा. त्याच्यामुळें सारी लय बिघडत होती.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. रडारच्या नोंदींतून कांहीं भाग वगळणें हें कांहीं पाप नव्हे. एखादा उपग्रह किंवा त्याचा मोडका तुकडा किरणांच्या झोतांतून गेला तर त्याचा मोठा प्रतिध्वनि येतो. त्याचा आयनांबराशीं कांहीं संबंध नसतो, आणि तो वगळावाच लागतो. आम्हांस ही सवलत ठाऊक होती. आम्हीं त्या बारा मिनिटांच्या पट्ट्या चित्रांतून काढल्या, नोंदवहींत त्या वेळेसमोर 'व्यत्यय' असा एक शब्द लिहिला, आणि चार सुरेख ठिगळांचा आलेख तयार करून झोंपी गेलों. मन अगदीं शांत होतें, असें नाहीं. पण झोंप लागली, हें खरें.

पुढच्या रविवारीं मोठ्या उत्साहानें आम्हीं घरीं सांगितलें, "आई, चार ठिगळें पाहिलीं. सारख्या अंतरानें." तिनें विचारलें, "पण तीं कोणत्या कापडाचीं तें कसें ओळखतोस? मला आपलीं लुगडीं ठाऊक, म्हणून मी सांगितलें. तुझीं ठिगळें दुसऱ्याच कोणाच्या धोतराचीं नसतील कशावरून?"

आम्हीं विद्वानाच्या ऐटींत उत्तर दिलें. काळोखांत दाट प्लाझ्मा दिसला म्हणजे तो दुरून, उन्हांतूनच आलेला असतो असें नाहीं. कधीं कधीं वरून इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडतो, ध्रुवीय प्रकाश दिसतो तो त्यामुळेंच. आणि तो पाऊस जागच्या जागीं नवा प्लाझ्मा तयार करतो. दोन्ही दिसावयास सारखे. पण उन्हांत जन्मून तासभर काळोखांतून आलेल्या प्लाझ्म्यांतील इलेक्ट्रॉन निवालेले असतात. आणि जेथें वरून मारा चालू आहे तेथील इलेक्ट्रॉन तापलेले असतात. तेव्हां उष्णता पाहिली कीं कूळ समजतें.

आईनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "असं होय. मग सगळ्यांना हात लावून पाहिलास ना?"

दूरध्वनींत मध्येंच ओळ तुटावी तशी आमची वाचा तुटली. आम्हीं हात लावला नव्हता. दाटीचा आलेख मनासारखा आला म्हणून उष्णतेचा आलेख आम्हीं उघडलाच नव्हता. कापडाच्या दुकानांत आई पातळाचा पदर दोन बोटांत चुरून पाहिल्यावांचून कधीं पैसे काढीत नाहीं, हें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलें. आणि आम्ही तर नुसता रंग पाहून बाजार करून आलों होतों.

त्याच रात्रीं वगळलेलीं बारा मिनिटें आम्हीं परत जागेवर ठेविलीं आणि सर्वांची उष्णता पाहिली. तो मधला अरुंद पुंज तापलेला होता. म्हणजे तो ठिगळ नव्हता, वरच्या पावसानें तेथेंच निपजलेला होता. क्षणभर आम्हांस हायसें वाटलें: पाहा, वगळला तें योग्यच झालें! पण नजर पुढें सरकली आणि तें समाधान विरलें. आमचें लाडकें चौथें ठिगळही तापलेलेंच होतें. जो न्याय मधल्या पुंजास, तोच त्यासही लावला पाहिजे. तें गेल्यावर उरलीं तीन. आणि तिघांच्या दोन अंतरांवरून 'ठराविक काल' सिद्ध करूं पाहणें म्हणजे दोन दिवस गाडी वेळेवर आली म्हणून वेळापत्रक छापण्यासारखें होतें. प्रबंधाचा तो भाग, ज्यावर आम्हीं तीन महिने घालविले होते, तेथेंच कोसळला.

सकाळीं (तेथें सकाळ म्हणजे घड्याळांतलीच) आम्ही आमच्या मार्गदर्शिका बाईंकडे गेलों. त्या वयानें मोठ्या, फार थोडें बोलणाऱ्या. वही पुढें ठेवून आम्हीं सर्व हकीकत सांगितली. ती सांगतांना आमचे कान तापले होते, आणि त्यास वरचा पाऊस कारण नव्हता. त्यांनीं 'व्यत्यय' या शब्दावर बोट ठेविलें आणि म्हणाल्या, "हा शब्द मीं चार दिवसांपूर्वींच पाहिला. उपग्रह कांहीं सेकंदांत निघून जातो. तो बारा मिनिटें थांबत नाहीं." मग थोडें थांबून म्हणाल्या, "तुम्ही येतां कीं मला बोलवावें लागतें, एवढेंच पाहत होतें."

त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. त्यांनीं सांगितलें कीं, मधला पुंज ठिगळ नाहीं असें म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. पण तो चित्रांत ठेवून, त्याची उष्णता दाखवून, कारण देऊन म्हणावें. वाचणाऱ्यास आपल्याशीं भांडण्याचा अधिकार असतो, आणि आपण वस्तूच लपविली तर तो अधिकार आपण चोरतों. त्यापुढील हिवाळाभर आम्हीं नुसतीं हात लावून पाहण्याचीं कामें केलीं: कोणतें ठिगळ निवालेलें, कोणतें तापलेलें, कोणतें अर्धवट. प्रबंध एक वर्ष लांबला. घरीं कर्जाचा एक हप्ताही त्यामुळें पुढें गेला, आणि तो बाबांनीं कसा भरला हें त्यांनीं आम्हांस कधीं सांगितलें नाहीं. ही किंमत येथें मुद्दाम नमूद करतों. कारण खरेपणा फुकट मिळतो असें जर मुलांस सांगितलें, तर तेंही एक 'व्यत्यय' लिहिण्यासारखेंच होईल.

स्वदेशीं परतल्यावर आम्ही अलिबागेच्या चुंबकीय वेधशाळेंत गेलों. पूर्वीं ही वेधशाळा मुंबईस कुलाब्याला होती. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें सुया हलणार, म्हणून १९०४ सालीं ती अलिबागेस नेण्यांत आली. कुलाब्याच्या जुन्या नोंदींविषयीं आम्हीं वाचलें होतें. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं सूर्यावर झालेल्या मोठ्या स्फोटामागून पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलें. कुलाब्याच्या निरीक्षकांसमोर चुंबकाची नोंद एकाएकीं इतकी खालीं आली कीं, आजच्या मापानें ती उतरण सुमारें सोळाशें नॅनोटेस्ला भरते. मुंबईसारख्या उष्ण कटिबंधांतील ठिकाणीं असा आंकडा दिसला तर कोणाही शहाण्या माणसास प्रथम वाटेल कीं, यंत्र बिघडलें. 'व्यत्यय' लिहावयास याहून चांगली जागा कोणती? पण त्यांनीं तसें केलें नाहीं. आले तसे आंकडे वेळेसह लिहून ठेविले. ते आंकडे जवळजवळ दीडशें वर्षें कागदावर पडून होते. २००३ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परदेशी सहकाऱ्यांसह ते पुन्हां उघडले, आणि त्या विख्यात वादळाचा जोर किती होता याचा अंदाज त्यांवरून बांधला. ज्यांनीं ते लिहिले त्यांस आपण काय लिहीत आहों हें कळणें शक्य नव्हतें. त्यांनीं एवढेंच केलें कीं, न पटणारा आंकडा पुसला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी स्वालबार्डला जाईल, कोणी जाणार नाहीं. पण लंबकाचा प्रयोग तुम्हां सर्वांस करावयाचा आहे, आणि तुमचाही आंकडा कधीं ९६२ तर कधीं १०१० येणार आहे. तो तसाच लिहा. शेजारच्याचा ९८० पाहून लाजूं नका. कदाचित् त्यानें पुस्तकाचें पान हलविलें असेल. आणि पालकांस एक नम्र विनंति: मुलाची वही पाहतांना बरोबर आलेल्या उत्तराबरोबर रेघ मारलेल्या उत्तराचेंही कौतुक करावें. आमच्या आईस प्लाझ्मा म्हणजे काय हें अजूनही नीट ठाऊक नाहीं, असें ती म्हणते. पण अंधारांत आपण काय पाहतों, या तिच्या प्रश्नाचें उत्तर अखेर तिनेंच आम्हांस शिकविलें. अंधारांत नुसतें पाहून भागत नाहीं; हात लावून पाहावें लागतें.

ती नोंदवही आमच्या मेजावर आहे. त्या डिसेंबरच्या पानावर 'व्यत्यय' हा शब्द अद्याप आहे. त्यावर एक आडवी रेघ आहे, शेजारीं त्या पुंजाची उष्णता लिहिलेली आहे. आणि रेघेखालचा शब्द स्पष्ट वाचतां येतो.